घरातलं भांडण आणि अंगावरचं कापड

न्यू ऑर्लीन्समधलं दोन खोल्यांचं कोंदट घर. नवरा मेहुणीची ट्रंक उघडून आतले कपडे उपसतो आहे. फरचे झगे, रेशमी पोशाख, खोट्या मोत्यांच्या माळा, चमकत्या खड्यांचा मुकुट. बायको त्याला आवरायला बघते, पण तो हिशेब मांडून बसला आहे: सासरच्या मंडळींची जमीन गेली म्हणतात, मग तिचे पैसे गेले कुठे? या ट्रंकेतच ना? लुइझियानाच्या कायद्यात जे बायकोचं ते नवऱ्याचं, असंही तो ठासून सांगतो. हे कपडे ओळखीच्या व्यापाऱ्याला दाखवून किंमत काढायलाही तो तयार आहे.

‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या 1951च्या चित्रपटातला हा प्रसंग. टेनेसी विल्यम्सचं नाटक 1947 साली एलिया कझाननं ब्रॉडवेवर आणलं आणि पुढे त्यानंच त्याचा चित्रपट केला. स्टॅन्ली, त्याची बायको स्टेला आणि तिची बहीण ब्लांश. आपल्याकडच्या वाटणीच्या भांडणात भांडी आणि दागिने अंगणात येतात, इथे कपडे जमिनीवर येतात. स्टॅन्लीला ज्यात इस्टेट दिसते, ते खरं तर स्वस्तातलं, जुनं, कधीकाळच्या चांगल्या दिवसांतलं सामान आहे. मुकुटाचे खडे काचेचे आहेत. त्याला कापडाची पारख नाही आणि मेहुणीच्या दुःखाचीही नाही. या दोन्ही गोष्टी दिग्दर्शक एका ट्रंकेतून सांगतो.

कौटुंबिक चित्रपट बघताना आपण संवाद ऐकतो आणि चेहरे वाचतो. कपड्यांकडे मात्र फार तर ‘छान दिसतायत’ एवढंच लक्ष जातं. मला वाटतं, घरातल्या माणसांच्या अंगावर काय आहे, ते कोणाच्या कमाईतून आलं, कोणी धुतलं, कोणाला ते घालायची मुभा नाही, हे पाहिलं की भांडणाचं मूळ लवकर हाताला लागतं. ते मूळ बहुतेक वेळा श्रमाशी आणि पैशाशी येऊन थांबतं. त्या कापडाचा माग काढत निघालं की तोही समुद्रापलीकडच्या श्रमापाशी आणि पैशापाशीच पोचतो.

स्टॅन्लीच्या अंगावरचा टी-शर्टच घ्या. स्टॅन्ली झालेल्या मार्लन ब्रँडोच्या त्या घामेजलेल्या, अंगाला चिकटलेल्या टी-शर्टनं एका पिढीची पुरुषी प्रतिमा घडवली. वेशभूषाकार ल्यूसिंडा बॅलर्डनं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खड्डे खणणारे मजूर पाहिले होते. घाम आणि माती यांनी त्यांचे कपडे अंगाला चिकटलेले होते. तिनं साधे टी-शर्ट पुन्हा पुन्हा धुऊन, आटवून, ब्रँडोच्या मापाला शिवून घेतले. त्या काळच्या मध्यमवर्गीय अमेरिकन प्रेक्षकांसाठी ते आतले कपडे होते. माणसानं घरातल्या बायकांसमोर तसंच वावरणं, पाहुणीसमोर शर्ट बदलणं हा उघड उद्धटपणा होता, आणि स्टॅन्ली तो जाणूनबुजून करतो. घर माझं, भाडं मी भरतो, हे सांगायला त्याला वेगळे शब्द लागत नाहीत.

टी-शर्टची सुरुवातही आतला कपडा म्हणूनच झाली. अमेरिकेच्या नौदलानं 1913 साली बिनबटणांचा, आखूड बाह्यांचा पांढरा सुती बनियन खलाशांच्या गणवेशात घेतला. त्याआधी गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध लोकरी किंवा सुती अंतर्वस्त्राचा जोड चालत असे, गरम बॉयलरखोलीत तो नकोसा होई. दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिकांनी हा बनियन घातला, परतल्यावर तो बागेत, गॅरेजमध्ये, कारखान्यात बाहेरचा कपडा म्हणूनच वापरला. टी-शर्ट अंगाला बसतो तो त्याच्या विणीमुळे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवर ताणून बसवलेले असतात. टी-शर्टच्या कापडात एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ते ताणतं आणि परत येतं. हे फासे यंत्रावर घालायची युक्ती 1589 साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम ली या पाद्र्यानं काढली, ती मोजे विणण्यासाठी. हातानं मोजे विणून पोट भरणाऱ्यांचं काय होईल या काळजीनं एलिझाबेथ राणीनं त्याला पेटंट नाकारलं, असं सांगतात. ती काळजी पुढे खरी ठरली. 1811मध्ये त्याच भागातल्या विणकरांनी पडत्या मजुरीच्या रागानं मोज्यांची यंत्रं फोडली. आपल्या आजोबांच्या पिढीच्या अंगातला गंजीफ्रॉक इंग्लिश खाडीतल्या गर्न्झी बेटावरच्या खलाशांच्या विणलेल्या सदऱ्याचं नाव घेऊन आला. आज भारतातला बनियनांचा आणि टी-शर्टांचा मोठा व्यवहार तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमधून चालतो.

त्या ट्रंकेच्या प्रसंगात आणखी एक धागा आहे. ब्लांश आणि स्टेला मिसिसिपीतल्या जमीनदार घराण्यातल्या. दक्षिणेतल्या अशा घराण्यांच्या खांबांच्या वाड्यांची श्रीमंती मुख्यतः कापसावर आणि गुलामांच्या राबण्यावर उभी होती. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या जातीचा कापूस, त्याची सरकी काढणारं एली व्हिटनीचं 1793चं यंत्र, आणि रानात विकत घेतलेली माणसं. सरकी काढणं सोपं झालं तसा कापसाचा पेरा वाढला आणि गुलामगिरी सैल होण्याऐवजी अधिक घट्ट झाली. म्हणजे गेलेल्या जमिनीसाठी रडणारी बहीण आणि अंगाला चिकटलेला टी-शर्ट घातलेला मेहुणा, दोघंही कापसाच्याच इतिहासात उभे आहेत.

त्या इतिहासाचं एक टोक आपल्या अंगणात आहे. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदसारखे दलाल रातोरात गब्बर झाले, शेअरांचा ज्वर चढला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि 1865 साली मुंबईतली कित्येक घरं बसली. मिसिसिपीतले वाडे आणि मुंबईतल्या पेढ्या एकाच युद्धानं हलवल्या. त्या मुंबईकर घरांमधल्या भांडणांवर कोणी चांगला चित्रपट काढावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता 1955. निकोलस रेचा ‘रिबेल विदाउट अ कॉज’. नायक जेम्स डीन चित्रपट झळकायच्या महिनाभर आधीच, 30 सप्टेंबरला, मोटार अपघातात गेला होता. त्यामुळे लोक त्याच्या आठवणीचं ओझं घेऊनच चित्रपटगृहात शिरले. गोष्ट लॉस एंजेलिसमधल्या खात्यापित्या घरांची. इथे कोणी उपाशी नाही. जिम स्टार्क या मुलाला घर आहे, गाडी आहे, आईवडील आहेत, आजी आहे. दुखणं एवढंच की ठाम उभं राहील असा बाप त्याला हवा आहे.

जिमचे कपडे ओळीनं पाहा. सुरुवातीला तो दारू पिऊन पोलीस चौकीत येतो तेव्हा सूट आणि टाय, म्हणजे बापाचाच वेश, चुरगळलेला. शाळेच्या पहिल्या दिवशी तपकिरी जाकीट आणि पांढरा शर्ट, आईला आवडेल असा. संध्याकाळी गाड्यांच्या जीवघेण्या शर्यतीला जाताना मात्र निळी जीन्स, पांढरा टी-शर्ट आणि लाल जाकीट. एका दिवसात मुलानं घर अंगावरून उतरवून टाकलं. चित्रीकरणाचे पहिले काही दिवस कृष्णधवल होते, मग स्टुडिओनं रंगीत करायचं ठरवलं. तो निर्णय झाला नसता तर हे लाल जाकीट आपल्याला दिसलंच नसतं.

बापाच्या अंगावर काय आहे? सूट, आणि सूटवर झालरीचा एप्रन. आजारी बायकोसाठी ताट घेऊन जाताना ते हातून पडतं आणि तो गुडघ्यावर बसून, तिला कळायच्या आत, सांडलेलं वेचत असतो. मुलगा कळवळून त्याला उठून उभं राहायला सांगतो. या प्रसंगावर माझा राग आहे. बायकोसाठी जेवण नेणाऱ्या पुरुषाच्या कमरेला बांधलेला एप्रन म्हणजे त्याची नामुष्की, असं चित्रपट गृहीत धरतो. बापाचा दोष घाबरण्याचा आहे, एप्रनचा नाही. पण 1955च्या अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या पुरुषांना पुन्हा घरचे मालक करण्याची घाई होती, आणि त्या घाईचा सगळा भार या झालरीवर टाकलेला आहे.

बापाच्या सूटचीही कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं 1666च्या ऑक्टोबरात दरबारात लांब बंडी रूढ केली. तेव्हाच्या जॉन एव्हलिन या रोजनिशीकारानं तिला पर्शियन धाटणीचा वेश म्हटलं. तिच्यापासून पुढे तीन कपड्यांचा सूट घडला. गळ्याला बांधायचं कापड फ्रान्समध्ये पोचलं ते 17व्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धात लढायला आलेल्या क्रोएशियन भाडोत्री सैनिकांच्या गळ्यांतून. इराणी बंडी आणि क्रोएशियन शिपायाचा रुमाल मिळून अब्रूदार अमेरिकन बाप तयार झाला.

आणि मुलाची जीन्स? ती मजुराची विजार होती, म्हणूनच घरात खुपली. बव्हेरियातून आलेला ज्यू व्यापारी लेव्ही स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोत कापड विकायचा. मूळचा रीगाचा जेकब डेव्हिस नेवाडातल्या रीनो गावी शिंपी होता. एका मजुराच्या बायकोनं त्याच्याकडे नवऱ्यासाठी न फाटणारी विजार मागितली. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथे ताण येतो तिथे, तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटचा खर्च त्याला झेपेना, म्हणून त्यानं स्ट्रॉसला भागीदार केलं. पेटंट मिळालं 20 मे 1873 रोजी. म्हणजे या सगळ्याची सुरुवात एका घरातल्या ओढाताणीतूनच झाली: नवऱ्याची विजार टिकत नाही आणि सारखी नवी परवडत नाही.

असं जाड कापड मुंबईला नवं नव्हतं. मुंबईतल्या डोंगरी या भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड 17व्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत दिसतं. गलबतांवर खलाशी ते शिडांना आणि विजारींना वापरत. इंग्रजीतली ‘डंगरी’ तिथूनच निघाली. निळा रंग तर 19व्या शतकात मोठ्या प्रमाणावर बंगाल-बिहारमधून जगभर जाई. नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदात तिच्यातला प्राणवायू काढून घेतला की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते, सूत त्यात बुडवून वर काढलं की हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसतो, म्हणून जीन्स गुडघ्यावर, मांडीवर, घालणाऱ्याच्या सवयीनुसार विटते. ही नीळ पिकवायला बंगालच्या रयतेवर गोऱ्या मळेवाल्यांनी आगाऊ रकमांची आणि लाठीची सक्ती केली. 1859-60 साली रयत उठली. दीनबंधु मित्रांचं ‘नीलदर्पण’ हे नाटक त्याच धगीतून आलं. 1897 साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि मळे बसत गेले, तरी चंपारणची सक्ती गांधीजी तिथे जाईपर्यंत, 1917पर्यंत, टिकून होती.

अमेरिकेतल्या अनेक शाळांनी 1950च्या दशकात जीन्सला दाराबाहेर ठेवलं. वडिलांच्या पिढीनं शेतातून, खाणीतून, मंदीतून वर येऊन सूट मिळवला होता. मुलानं पोटाला काही कमी नसताना खाणकामगाराची विजार चढवणं हा त्यांना आपल्या कष्टांचा अपमान वाटला असेल तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. मुलांच्या बाजूनं मात्र तो एक आवाज होता: तुमच्या सूटमध्ये आम्हाला माणूस सापडत नाही.

शेवटी ग्रिफिथ वेधशाळेत ते लाल जाकीट जिमच्या अंगावरून त्याचा मित्र प्लेटो याच्या अंगावर जातं. प्लेटोचे आईवडील त्याला मोलकरणीच्या हवाली करून दूर राहतात, घाईघाईत त्याच्या पायांत एक लाल आणि एक निळा मोजा आहे. पोलिसांच्या गोळीनं तो मरतो. जिम त्याच्या जाकिटाची झिप वर ओढतो, त्याला थंडी वाजायची म्हणून. ही झिपही स्वीडनहून अमेरिकेत आलेल्या गिडिऑन सुंडबॅक या अभियंत्यानं 1913च्या सुमारास साधली, आणि आधी ती तंबाखूच्या पिशव्यांना आणि रबरी बुटांना लागली. मग बाप आपला कोट काढून जिमच्या खांद्यावर टाकतो. पटकथेनं इतका वेळ बापाला जे बोलायला लावलं नाही, ते त्या कोटानं होतं.

आपल्या बाजूला या. सत्यजित राय यांचा ‘महानगर’ 1963चा, कथा नरेंद्रनाथ मित्रांची. कलकत्त्यातलं निम्नमध्यमवर्गीय कुटुंब, बँकेत कारकून असलेला सुब्रत, त्याचे निवृत्त शिक्षक वडील, आई, बहीण, छोटा मुलगा. पगार पुरत नाही म्हणून सून आरती नोकरी धरते. काम कसलं? श्रीमंतांच्या घरी जाऊन विणकामाची यंत्रं विकायचं. विल्यम लीच्या यंत्राची नात जवळजवळ चार शतकांनी बंगाली सुनेच्या हाती येते आणि तिला घराबाहेर काढते. सासरा तिची कमाई हातात घेत नाही. तो जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी चष्म्यासाठी, मदतीसाठी जाणं पसंत करतो. आरतीची अँग्लो-इंडियन सहकारी एडिथ तिला लिपस्टिक देते. नवऱ्याला ती पर्समध्ये दिसते, आणि आरती ती खिडकीबाहेर फेकून देते. पुढे नवऱ्याची बँक बुडते आणि तिनं नोकरी सोडू नये म्हणून तोच गयावया करतो. आरती झालेल्या माधवी मुखर्जींनी पहिल्या पगाराच्या कोऱ्या नोटा हातात घेऊन आरशात पाहणं हा भारतीय चित्रपटातला मला सर्वांत प्रिय क्षण आहे.

आरतीच्या अंगावर साडी, ब्लाउज, परकर, म्हणजे ज्याला आपण पारंपरिक म्हणतो तो वेश. तोही घरातल्या तंट्यांतून आणि प्रवासांतून घडलेला. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी 1864 साली मुंबई इलाख्यात रुजू झाले. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी कलकत्त्यातल्या जोडासाँकोच्या टागोरवाड्याच्या अंतःपुरातून बाहेर पडून मुंबईत आल्या. त्या घरातल्या बायकांनी असं बाहेर जाणं तेव्हा कोणाला रुचत नव्हतं. बंगालमधली एकवस्त्री साडी चारचौघांत नेसण्याजोगी नव्हती. मुंबईच्या पारशी बायकांची परकर-ब्लाउजासह नेसण्याची तऱ्हा त्यांनी पाहिली, थोडी बदलली आणि कलकत्त्याला नेली. पारशी बायकांच्या गारा साड्यांवर कँटनच्या व्यापारातून आलेलं चिनी भरतकाम होतं. चीन, मुंबई, युरोप आणि बंगाल मिळून ही साडी घडली. ‘माहेरची साडी’ने 1991 साली मराठी बायकांना रडवलं त्यातलं माहेर अस्सल मराठी वाटतं, पण तो चित्रपटसुद्धा ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला होता.

राहिले पाय. माजिद माजिदी यांच्या 1997च्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्ये तेहरानच्या गरीब वस्तीतला अली बहिणीचे, झाराचे, दुरुस्त करून आणलेले गुलाबी बूट भाजीच्या दुकानात हरवतो. घरभाडं थकलं आहे, आई आजारी आहे. मशिदीतल्या चहासाठी आणलेली साखर वडील घरी बसून फोडतात आणि त्यातला एक खडाही स्वतःच्या चहात टाकत नाहीत. अशा बापाला बूट हरवल्याचं सांगायचं कसं? मुलं वहीवर चिठ्ठ्या लिहून गुपचूप ठरवतात: अलीचेच कॅनव्हासचे बूट दोघांनी वापरायचे. सकाळची शाळा झाराची, दुपारची अलीची, आणि मधल्या गल्ल्यांतून दोघांची रोजची धावपळ.

कॅनव्हास आणि रबर यांची जोडी 19व्या शतकातली. अॅमेझॉनच्या झाडांचा चीक उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. 1839 साली चार्ल्स गुडइयरनं तो गंधकाबरोबर तापवला की टिकाऊ होतो हे शोधलं. 1876 साली हेन्री विकमनं सुमारे 70,000 बिया ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, तिथून रोपं श्रीलंका आणि मलायाला गेली. दरम्यान काँगोमध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या माणसांनी रबराचा कोटा भरला नाही म्हणून लोकांचे हात तोडले. स्वस्त कापडी बूट गरिबांच्या पोरांपर्यंत पोचले ते या सगळ्यातून.

झाराला आपले हरवलेले बूट शाळेतल्या रोया नावाच्या मुलीच्या पायांत दिसतात. भाऊ-बहीण तिच्या घरापर्यंत माग काढतात. दारात रोयाचे आंधळे वडील दिसतात आणि दोघं न मागताच मागे फिरतात. गरिबीची तुलना करून हक्क सोडण्याचा हा निर्णय ही एवढीशी मुलं एका नजरेत घेतात. पण माजिदी तिथे थांबत नाही. काही दिवसांनी रोयाला नवे बूट मिळतात. झारा तिला विचारते, जुन्यांचं काय केलंस? आईनं फेकून दिले, असं ती सांगते. झाराला ते सोसत नाही, का टाकलेत म्हणून ती तिच्यावर चिडते, आणि रोयाला या चिडण्याचं कारण काही केल्या कळत नाही.